जाहिरातीच्या पानांतला वाचक

दिवाळी अंक घरात आला की तो मुखपृष्ठापासून क्रमाने वाचावयास घेणारे थोडे आणि मागून चाळणारे पुष्कळ, असा आमचा अनुभव आहे. मागून चाळणाऱ्यास प्रथम भेटतात त्या जाहिराती. सहकारी बँक, दागिन्यांची पेढी, मसाले, आयुर्वेदिक औषधे, पुस्तकांची सवलत योजना, एवढी पाने उलटली की हा अंक कोणाच्या घरी जाणार हे संपादकीय न वाचताही ध्यानात येते. संपादक आपल्या वाचकाविषयी लिहितो ते पुष्कळसे त्याच्या मनातील इच्छेप्रमाणे. त्याचा वाचक सदैव रसिक, चोखंदळ आणि सुजाण असतो. जाहिरातदाराला ही चैन परवडत नाही. तो पदरचे पैसे मोजतो. म्हणून वाचक कोण आहे, त्याच्या खिशात काय आहे आणि त्याला कशाची उणीव भासते, याची चौकशी त्याला करावीच लागते. आपल्याकडे नियतकालिकांच्या इतिहासाचे लेखन पुष्कळ झाले, परंतु ते संपादकीये, लेखमाला आणि वादविवाद यांतच रमलेले दिसते. जाहिरातींची पाने अभ्यासकांनी उलटली, वाचली मात्र क्वचित.

या दृष्टीने पाहू जाता संगीतविषयक नियतकालिके फार बोलकी ठरतात. संगीताशी माणसाचे नाते एकाच प्रकारचे नसते. कोणी वाद्य वाजवून पोट भरतो, कोणी शिकवण्या करतो, कोणी ध्वनिमुद्रिका जमवतो, तर कोणी गायकाच्या छबीवरच लुब्ध असतो. या प्रत्येकाची खरेदी निराळी. एकाच कलेवरची दोन पत्रे शेजारी ठेवली तर ती दोन निरनिराळ्या जातकुळींच्या माणसांसाठी निघतात, हे जाहिराती लगेच सांगून टाकतात.

मजकूरही सांगतो, पण जरा आडून. कोणता शब्द समजावून दिला आहे आणि कोणता तसाच सोडला आहे, इकडे लक्ष ठेवावे लागते. गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' हे १९४७ साली सुरू झालेले मुखपत्र प्रा. बी. आर. देवधर यांच्या संपादनाखाली नावारूपास आले. मंडळ परीक्षा घेणारे. त्यामुळे 'विशारद' म्हणजे काय हे त्या पत्राच्या वाचकाला सांगावे लागत नसे. असा वाचक परीक्षेला बसलेला, बसणारा किंवा दुसऱ्यास बसवणारा असतो. देवधरांनी त्यात लिहिलेली गायक-वादकांची व्यक्तिचित्रे पुढे 'थोर संगीतकार' या ग्रंथात आली आणि सर्वसाधारण रसिकांनीही ती आवडीने वाचली. मुळात मात्र ती एका शिक्षकाने शिक्षकांशी आणि शिष्यांशी केलेली बातचीत होती.

ही वाचनाची रीत नीट पारखायची तर एकाच शहरातली, एकाच व्यवसायातली आणि दीर्घकाळ चाललेली पत्रे हवीत. तशी मालिका लंडन शहरात सापडते. म्हणून वाचकांस थोडा वेळ तिकडे नेण्याची आम्ही परवानगी घेतो.

१९२३ च्या एप्रिलमध्ये कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी 'ग्रामोफोन' हे मासिक सुरू केले. त्यांचे मेहुणे ख्रिस्टोफर स्टोन हे त्यांचे सहकारी. विषय अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या. ग्रामोफोन त्या काळी पुष्कळांना खेळणे वाटे. त्याकडे गंभीर वाद्य म्हणून पाहणारा एक छोटा वर्ग होता आणि मासिक त्याचे होते. जाहिरातींत तबकड्यांच्या कंपन्या तर होत्याच, पण त्या मासिकाभोवती वाढलेला ई.एम.जी. या हाती बनवलेल्या ग्रामोफोनचा व्यापार पाहिला की वाचकाचे चित्र अधिक स्पष्ट होते. या यंत्राचा कर्णा कागदाच्या लगद्याचा आणि प्रचंड आकाराचा. बैठकीच्या खोलीचा एक कोपरा तो सहज गिळून टाकी. पोलादी पिनेने तबकडी झिजते म्हणून हे लोक बांबूच्या तंतूची पिन वापरीत आणि तबकडीची बाजू बदलताना छोट्या कात्रीने तिला पुन्हा टोक काढीत. चार मिनिटांच्या संगीतासाठी एवढा खटाटोप करणारा माणूस कसा असेल? सवड असलेला, ऐपत असलेला, थोडासा हट्टी, आणि आम्हांस वाटते, घरातल्या इतरांचा काहीसा छळ करणारा! कंपन्या मोजक्या वाद्यांचे चेंबर म्युझिक मुद्रित करीत नाहीत, म्हणून याच मासिकाच्या आधाराने वर्गणीदारांची नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी निघाली आणि तिने स्वतःच तबकड्या काढल्या. जो वाचक बाजारात नाही ते स्वतः करवून घेतो, तो मासिकाला सहसा सोडून जात नाही.

यानंतर तीन वर्षांनी, १९२६ च्या जानेवारीत, 'मेलडी मेकर' निघाले. काढणारे लॉरेन्स राइट हे डेन्मार्क स्ट्रीटवरील संगीत-प्रकाशक. गाण्यांची छापील स्वरलिपी विकणे हा त्यांचा धंदा. होरेशिओ निकल्स या टोपणनावाने ते स्वतः चालीही बांधीत. नाचघरांतील वाद्यवृंदांनी आपली गाणी वाजवावीत, म्हणजे श्रोते त्यांच्या छापील प्रती घेतील, हा सरळ हिशेब मासिकामागे होता. आपल्या वाचकांना येथे 'किर्लोस्कर खबर' आठवेल. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची खबर गिऱ्हाइकांना आणि हितचिंतकांना कळावी म्हणून निघालेल्या त्या पत्रिकेतून 'खबर' हा शब्द १९२९ मध्ये गळाला आणि मराठी मध्यमवर्गाचे एक मासिक उरले. धंद्याच्या पोटी जन्मलेले पत्र मोठेपणी धंद्याला विसरू शकते, याचे ते आपल्या घरातले उदाहरण. 'मेलडी मेकर'ही काही वर्षांतच राइट यांच्या हातून मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे गेले आणि १९३३ पासून साप्ताहिक झाले. वाचक मात्र पुष्कळ काळ तोच राहिला. तो म्हणजे वाजवणारा माणूस.

सॅक्सोफोन, ट्रंपेट, ढोल, बँजो, त्यांच्या रीड, चामडी आणि पेट्या यांच्या जाहिराती या पत्रात दाटीवाटीने असत. सेल्मर, बूझी अँड हॉक्स असल्या वाद्यविक्रेत्यांचा हा हक्काचा बाजार. मजकूरही तसाच होता. चालीची वाद्यवृंदासाठी मांडणी कशी करावी, कोणता वादक कोणता वृंद सोडून कोठे गेला, कोणत्या हॉटेलात नवी नोकरी निघाली. १९३५ पासून अमेरिकन वाद्यवृंदांना ब्रिटनमध्ये काम करण्यावर जे निर्बंध आले ते १९५६ पर्यंत टिकले. या काळात या पत्रातील बातम्यांचा कस समजून घ्यायचा तर वाचकाच्या दोन मनांचा विचार करावा लागतो. अमेरिकन जॅझ त्याला प्राणाहून प्रिय होता, पण त्या वादकांनी येऊन आपली भाकरी घ्यावी हे त्याला नको होते. १९३२ मध्ये लुई आर्मस्ट्राँग लंडनला आले तेव्हा त्यांना 'सॅचमो' हे नाव मिळाले ते या पत्राच्या संपादकांच्या तोंडून, असे सांगतात. प्रेम आणि धास्ती ही दोन्ही एकाच पत्रात नांदत होती.

१९५६ साली रॉक अँड रोल नावाचे नवे वादळ आले. 'मेलडी मेकर'ने त्यावर कोरडे ओढले. स्टीव्ह रेस या वादक-लेखकाचा त्या वर्षीचा निषेधाचा लेख पुढच्या पिढ्यांनी विनोद म्हणून उद्धृत केला. सांस्कृतिक इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना जुन्या पिढीच्या अरसिकतेचा दाखला म्हणून येते. आम्हांस हा निवाडा अर्धाच वाटतो. ज्या पत्राच्या जाहिरातींत सॅक्सोफोनच्या रीड विकल्या जातात, त्याचा वाचक वर्षानुवर्षे स्वरलिपी वाचावयास शिकलेला, सोळा माणसांच्या वृंदात बसून रात्रीचा पगार घेणारा माणूस होता. तीन सुरांवर गिटार बडवणारी चार पोरे त्याच्या नाचघरातली जागा घेऊ लागली होती. पत्राने त्याच्याच मनातले लिहिले. रुचीचा प्रश्न त्यात होताच, पण रोजीचाही होता, आणि तो दिसतो जाहिरातींच्या पानांवर.

याच सुमारास शेजारी दुसरे पत्र वाढत होते आणि त्याला रॉक अँड रोलची मुळीच अडचण वाटत नव्हती. १९५२ साली मॉरिस किन या कार्यक्रम-संयोजकाने अकॉर्डियन वाजवणाऱ्यांसाठी निघणारे, बुडू घातलेले एक पत्र एक हजार पौंडांत घेतले आणि त्याचे 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' केले. अकॉर्डियन हा शब्द नावातून काढला आणि त्याबरोबर वादक वाचकही सोडून दिला. नव्या पत्राला ऐकणारा हवा होता, त्यातही विकत घेऊन ऐकणारा.

तोवर एखादे गाणे किती लोकप्रिय, हे त्याच्या छापील स्वरलिपीच्या किती प्रती खपल्या यावरून ठरे. म्हणजे घरी पियानो असलेल्या कुटुंबांचे ते मत असे. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'चे जाहिरातींचे काम सांभाळणारे पर्सी डिकिन्स यांनी अमेरिकन 'बिलबोर्ड' पत्राच्या धर्तीवर निराळी युक्ती योजली. त्यांनी वीसेक दुकानांना दूरध्वनी केले, तुमच्याकडे कोणत्या तबकड्या सर्वांत अधिक खपतात ते विचारले आणि उत्तरांची बेरीज करून १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात क्रमवारी छापली. पहिल्या स्थानी अल मार्टिनो हा गायक होता. यादी बाराची होती, पण काही स्थाने बरोबरीत सुटल्यामुळे तबकड्या पंधरा झाल्या. ब्रिटनमधील तबकड्यांच्या विक्रीवर बेतलेली ही पहिली क्रमवारी होय. पुढे सत्तर वर्षे गाण्याचे यश ज्या मापाने मोजले गेले, ते माप संगीत-समीक्षकाच्या टेबलावर जन्मले नाही, जाहिरात गोळा करणाऱ्याच्या टेबलावर जन्मले. आपली तबकडी सातव्या स्थानी पाहून कंपनी ती पाचव्या स्थानी नेण्यासाठी जाहिरात देणार, हे उघड होते. येथे मजकूर आणि जाहिरात यांच्यामधली भिंत इतकी पातळ होते की कोणते कोणत्या बाजूस हे सांगणे कठीण. पुढे तर पुष्कळदा या पत्राचे पहिले पानच एखाद्या नव्या तबकडीच्या जाहिरातीने भरलेले असे. आपल्याकडील जुनी वृत्तपत्रेही पहिल्या पानावर जाहिराती छापीत, पण त्यांत तेल, साबण आणि वधूवर असत. येथे ज्याची बातमी त्याचीच जाहिरात.

१९६४ च्या पहिल्या सहामाहीत या पत्राचा सरासरी खप ३,०६,८८१ प्रतींवर गेला. हे बीटल्सचे वर्ष. चाहत्यांची मंडळे, पत्रमित्र, छायाचित्रे, गायकांची आवडती पक्वान्ने आणि आवडते रंग, असा मजकूर पाहिला की त्या तीन लाखांत शाळकरी मुलामुलींचा भरणा किती असेल याची कल्पना येते. सॅक्सोफोनची जाहिरात या वाचकाच्या काय कामाची? त्याच्या हाती आठवड्याला एका छोट्या तबकडीपुरते पैसे. त्या पैशांसाठी एवढी धडपड!

ती मुले मोठी झाली, आणि पत्र मात्र तेथेच राहिले. १९७२ पर्यंत खप इतका उतरला की मालकसंस्थेने संपादकास निर्वाणीची मुदत दिली. ॲलन स्मिथ यांनी 'भूमिगत' म्हणवणाऱ्या बंडखोर पत्रांतून चार्ल्स शार मरे, निक केंट असे तरुण लेखक आणले. भाषा तिखट झाली, लेख लांबले, टवाळी वाढली. वाचक आता सतरा-अठरा वर्षांचा, महाविद्यालयात जाणारा किंवा जाऊ इच्छिणारा मुलगा होता. 'मुलगा' हा शब्द आम्ही जाणून वापरला. मागील पानांवर टपालाने मागवायच्या पायाशी घेरदार विजारी, नावे छापलेले सदरे, बिल्ले, भित्तिचित्रे यांच्या जाहिराती होत्या. पुढील पानांवर व्यवस्थेविरुद्ध बंड आणि मागील पानांवर त्या बंडाचा पोशाख, किमतीसह. टपालाने कपडे मागवणारा मुलगा बहुधा लंडनमधला नसतो. ज्याच्या गावात तसले दुकान नाही, ज्याला शेजारीपाजारी चमत्कारिक समजतात, त्या दूरच्या गावातल्या एकट्या मुलाचे हे पत्र होते. ही गोष्ट संपादकांनी कोठे लिहून ठेवली नसती, तरी विजारींच्या जाहिरातींवरून ती काढता येते.

आता पुन्हा 'मेलडी मेकर'कडे वळतो, कारण या साऱ्या इतिहासातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तेथे आहे. सत्तरच्या दशकात हे पत्रही बदलले होते. मुखपृष्ठावर रॉक आले, जॅझ आतल्या पानांत गेला. तरी शेवटची पाने हटली नाहीत. तेथे बारीक टाइपात वादकांच्या छोट्या जाहिराती येतच राहिल्या. ढोलवादक पाहिजे, गिटारवादकास काम पाहिजे, वाद्य विकणे आहे. अमुक वादक कोणत्या तारा आणि कोणता अँप्लिफायर वापरतो असे विचारणाऱ्या वाचकांना उत्तरे देणारे सदरही चालू होते. १९२६ चा वाचक पहिल्या पानावरून उठून मागच्या ओसरीवर जाऊन बसला होता, घर सोडून गेला नव्हता.

या ओसरीवर काय काय घडले! १९६८ साली बिल ब्रुफर्ड या तरुण ढोलवादकाने तेथे जाहिरात दिली. ती वाचून जॉन अँडरसनने त्यास गाठले आणि 'यस' हा संच उभा राहिला. १९६९ मध्ये रिक डेव्हिस यांच्या जाहिरातीला रॉजर हॉजसन यांनी उत्तर दिले. त्यातून 'सुपरट्रँप' झाला. १९७० च्या अखेरीस स्टीव्ह हॅकेट या गिटारवादकाने स्वतःसाठी दिलेली जाहिरात पीटर गेब्रियल यांनी वाचली आणि हॅकेट 'जेनेसिस'मध्ये गेला. हे तिन्ही संच पुढे जगभर गाजले, परंतु जाहिरात देताना यांतला कोणीही नामांकित नव्हता. छोटी जाहिरात ही वाचकाने स्वतः, स्वतःच्या पैशाने लिहिलेली असते. व्यापाऱ्याच्या जाहिरातीत वाचकाविषयीचा अंदाज असतो, संपादकीयात वाचकाविषयीची आशा असते. छोट्या जाहिरातीत वाचक स्वतःच बोलतो. या संगीताला अवघड मांडणीचे, तालाच्या गुंतागुंतीचे वेड का लागले, याची कारणे विद्वानांनी पुष्कळ दिली आहेत. एकमेकांना शोधणारे हे लोक वादकांच्या पत्राच्या मागील पानांवर भेटले, हेही त्यांतले एक कारण धरावे असे आम्ही सुचवू.

'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'मधल्या जाहिरातींतूनही भेटी झाल्या, पण त्यांचा घाट निराळा. १९६७ मध्ये लिबर्टी या तबकडी-कंपनीने होतकरूंना बोलावणारी जाहिरात दिली. रेजिनाल्ड ड्वाइट नावाच्या पियानोवादकाने आणि बर्नी टॉपिन नावाच्या कविता लिहिणाऱ्या मुलाने तिला वेगवेगळे उत्तर दिले. कंपनीने दोघांनाही घेतले नाही, पण टॉपिनच्या शब्दांचे पाकीट ड्वाइटच्या हाती आले. ड्वाइट पुढे एल्टन जॉन झाला. येथे मधे कंपनी आहे, तेथे वादक वादकाला थेट हाक मारतो. १९८९ पर्यंत मात्र 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'च्या पानांवरही वादकच वादक शोधू लागले होते. ब्रेट अँडरसन आणि त्याच्या सोबत्यांना बर्नार्ड बटलर हा गिटारवादक तेथेच मिळाला आणि 'स्वेड' उभा राहिला.

आमच्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या कुटुंबांना ही मागील पानांची गोष्ट चटकन कळावी. दुकानाची पाटी गुजराती किंवा हिंदी झाली, पोरांची शाळा इंग्रजी झाली, तरी देवघरातली आरती आणि लोणच्याच्या बरणीवरली चिठ्ठी मराठीच राहिली. आपण कोण, हे पाहुण्याला पाटीवरून कळत नाही. असो.

जाहिरातींवर असा भर देताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. जाहिरात नेहमी वाचक जसा आहे तसाच दाखवते असे नाही. कित्येकदा नियतकालिकच जाहिरातदाराला वाचकाचे चित्र रंगवून विकते. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले. 'रोलिंग स्टोन' हे पत्र १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जॅन वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी साडेसात हजार डॉलरांच्या उसनवारीवर काढले. हिप्पींचे पत्र म्हणून त्याची ख्याती झाली. १९७७ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. खप चांगला, पण मोठमोठ्या मोटार-कंपन्या आणि व्यापारी जवळ येत नव्हत्या. त्यांना वाटे, या पत्राचा वाचक म्हणजे केस वाढवलेला, खिशात दमडी नसलेला भणंग. १९८५ मध्ये फॅलन मॅकेलिगॉट या जाहिरातसंस्थेने यावर मोहीम आखली. जोडपानाच्या डाव्या बाजूस 'समज', उजव्या बाजूस 'वास्तव'. डावीकडे हिप्पी, उजवीकडे नीटनेटका तरुण. डावीकडे चिल्लर नाणी, उजवीकडे क्रेडिट कार्ड. या जाहिराती जाहिरातव्यवसायाच्या पत्रांत दिल्या गेल्या. वाचकांसाठी त्या नव्हत्याच. विक्रीचा माल वाचक होता आणि गिऱ्हाईक जाहिरातदार. जाहिरातशास्त्राच्या वर्गांत ही मोहीम यशाचा नमुना म्हणून शिकवली जाते. ती यशस्वी झाली, हे खरेच. तथापि त्या उजव्या पानावरचा तरुण प्रत्यक्ष घरोघरी किती होता आणि संपादकांनी त्याला खूश ठेवण्यासाठी पुढे काय काय छापले, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. 'लक्ष्य वाचक' हा अलीकडचा शब्द आम्हांस आवडत नाही, पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे. लक्ष्य म्हणजे ज्यावर नेम धरला आहे ते, जेथे बाण लागला ते नव्हे.

नेम बदलला की तेच हात कसे निराळे पत्र काढतात, हेही लंडनमध्येच पाहावयास मिळते. १९७८ मध्ये निक लोगन यांनी 'स्मॅश हिट्स' काढले. लोगन हे त्याच वर्षापर्यंत 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'चे संपादक होते. नव्या पत्रात गाण्यांचे शब्द छापलेले असत आणि चित्रे रंगीत, कारण वाचक शाळकरी आणि त्याला गाणे पाठ करायचे होते. डेव्हिड हेपवर्थ आणि मार्क एलन हे दोघे या पत्राच्या संपादकपदावर बसून गेले आणि त्याच दोघांनी १९८६ च्या ऑक्टोबरात 'क्यू' हे मासिक उभे केले. पहिल्या मुखपृष्ठावर पॉल मॅकार्टनी. कॉम्पॅक्ट डिस्क तीनच वर्षांपूर्वी युरोपच्या बाजारात आली होती. १९६४ चा तो शाळकरी वाचक आता पस्तिशीचा, पगारदार, आणि तरुणपणी झिजवलेल्या तबकड्या नव्या चकतीवर दुसऱ्यांदा विकत घेणारा झाला होता. म्हणून 'क्यू'चा मागील अर्धा भाग परीक्षणांचा, तारांकित गुणांसह, आणि त्यात नव्या संगीताइतकाच जुन्याच्या पुनर्मुद्रणांचा विचार. समीक्षा येथे खरेदीचा सल्ला झाली. हीन म्हणून आम्ही हे सांगत नाही. सवड थोडी, पैसा बऱ्यापैकी, अशा माणसाची ती गरज होती.

यापुढचा इतिहास लवकर आटोपतो. २००० च्या डिसेंबरात 'मेलडी मेकर' बंद होऊन 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'मध्ये विलीन झाले. तोवर छोट्या जाहिराती संगणकाच्या जाळ्यावर जाऊ लागल्या होत्या. ओसरी रिकामी झाली, मागोमाग घर. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' २०१५ च्या सप्टेंबरपासून रेल्वे-स्थानके, विद्यापीठे आणि दुकाने येथे फुकट वाटले जाऊ लागले. वाटपाचा आकडा तीन लाखांच्या घरात होता, म्हणजे जवळपास १९६४ इतकाच. त्या वेळी तीन लाख माणसे पैसे टाकून अंक घेत होती, आता तीन लाख अंक पुढे केले जात होते. २०१८ च्या मार्चमध्ये छापील साप्ताहिक थांबले. पुढे २०२३ मध्ये त्याच नावाने द्वैमासिक छापील अंक निघाला, पण तो संग्राहकांसाठी. 'क्यू'चा छापील अंक २०२० च्या जुलैत संपला. मॅकेन्झींच्या 'ग्रामोफोन'ने मात्र २०२३ मध्ये शंभरी गाठली. कर्णा कोपऱ्यात मांडणाऱ्या हट्टी माणसांचे वंशज अजून वर्गणी भरतात.

हे सर्व लिहिता आले, कारण लंडनच्या या पत्रांचे सुटे अंक संग्राहकांनी जाहिरातींसकट जपले. आपल्याकडे तसे म्हणणे कठीण आहे. जुन्या मराठी मासिकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. खंड जाड होऊ नये आणि शिलाई स्वस्तात व्हावी, एवढाच हेतू. आम्ही अशा खंडांतून एका मासिकाच्या जाहिराती शोधू लागलो, तेव्हा वर्षामागून वर्षे मजकूर सलग मिळाला, जाहिरात एकही नाही. ग्रंथपालांना विचारले, त्यांनी पृष्ठांक तपासून खंड पूर्ण असल्याचे सांगितले. त्यांचेही बरोबर होते. कित्येक मासिकांत जाहिरातींच्या पानांना मजकुराचे अंक देत नसत. म्हणून ती काढली तरी आकड्यांत कोठे तुटलेपण दिसत नाही. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अशा मासिकांचे न बांधलेले, कोपरे दुमडलेले, मागच्या पानावर किराण्याचा हिशेब मांडलेले अंक असतील, तर त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे. हिशेबही पुसू नये.